वाघळाची कपार

हे लिहिणार नव्हतो. खरंच. तीनदा मोबाईलवर टाईप केलं, तीनदा खोडलं. ह्या वेळी मागे जाऊन वाचायचं नाही असं ठरवून बसलोय. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा.

पाच वर्षं झाली. मार्चचा शेवट, दुपारचे साडेबारा. आम्ही डोंगरातल्या कपारीतून उतरून कुसवड्याच्या भैरोबाच्या पारापाशी आलो होतो. पुढं डॉ. वैजयंती मोघे, म्हणजे मॅडम. त्यांच्या मागं पीएचडी करणारी दोन पोरं. सगळ्यात शेवटी मी, दोन्ही हातांत पिवळ्या पिशव्या. आणि माझ्याही मागं, खांद्यावर जाळ्यांचे दांडे घेऊन, माझा मित्र लहू गुरव.

सकाळी जाताना पारावर कुत्रं नव्हतं. आता पन्नास-साठ माणसं उभी होती.

"त्या पिशवीत काय हाय?" सरपंच सर्जेअण्णांनी विचारलं. मलाच.

"कपडे आहेत, अण्णा."

"कसले?"

"कामाचे."

"काढ भाईर."

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "उघडू नकोस. निर्जंतुक केल्याशिवाय त्या पिशव्या उघडायच्या नसतात."

जगातली सगळी वाक्यं सोडून नेमकं हेच.

"ऐकलं का?" अण्णा गर्दीकडं वळले. "उघडायच्या नसत्यात म्हनं."

कुणीतरी माझ्या हातातली पिशवी ओढली. प्लास्टिक टरकन फाटलं आणि पांढरा सूट पारासमोरच्या मातीत पडला. टोपीसकट, चेनसकट. बाह्या पसरून पडला, माणूस पडावा तसा. पुढचे सगळे एकदम मागं सरकले. एका बाईनं पोर उचलून कडेवर घेतलं.

अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. सूटाकडं बघत राहिले.

"माझ्या धाकट्याला असल्याच कपड्यातल्या चौघांनी न्हेला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "मागल्या साली. ठाण्यास्नं आला हुता. तोंडसुदिक दावलं न्हाई आमाला. आन आज तुमी तेच घालून आमच्या देवाच्या रानात फिरताय. वर म्हंता काय, कामाचे कपडे."

आता आधीचं थोडं सांगतो, नाहीतर कळणार नाही.

मी कराडचा. बारावी गटांगळ्या खात पास, आयटीआय अर्धवट सोडलेलं, मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसायचो. लहू आयटीआयमधला रूममेट. त्यानं ट्रेड पूर्ण केला आणि गावी जाऊन वायरमनची कामं घ्यायला लागला. त्याचं घर भैरोबाच्या पुजाऱ्याचं. एकदा सुट्टीत त्यानं मला देवराईच्या वरची ती कपार दाखवली. वाघळाची कपार. आत हजारो वटवाघळं, छताला उंबराच्या घडासारखी लटकलेली. गावातले लोक त्यांची लेंडी पोत्यानं आणून मिरचीच्या वाफ्यात टाकायचे. मी आत उभा राहिलो आणि टक्-टक्-टक् असा आवाज आला, दगडावर दगड मारल्यासारखा.

"हे काय रे?"

"जीभ वाजवत्यात," लहू म्हणाला. "आंधारात वाट बघायला."

मला वाटलं, फेकतोय. घरी येऊन इंटरनेटवर शोधलं तर खरं निघालं. फळं खाणारी बाकीची वाघळं डोळ्यांवर चालतात. ही जात मात्र जिभेनं टिचक्या मारते आणि परत येणाऱ्या आवाजावरून भिंत कुठंय ते ओळखते. त्या दिवसापासून मी कामातून गेलो. सहा महिन्यांत जुन्या मोबाईलचे माईक काढून, सर्किट जोडून, मी स्वतःचा डिटेक्टर बनवला. माणसाला ऐकू न येणारे आवाज ऐकू येतील असे करून देणारा डबा. त्याचे रेकॉर्डिंग पुण्याच्या एका संस्थेत मेलनं पाठवले, आणि तिथून मोघे मॅडमचा फोन आला. "हे कुणी केलंय? शिक्षण काय तुझं?"

मी शिक्षण सांगितलं. 

"बरं," त्या म्हणाल्या. "ह्या कपारीचं काम नीट करून दाखव. लॅबमध्ये टेक्निशियनची जागा आहे. डिग्रीचं मी बघते."

माझ्यासारख्याला हे वाक्य म्हणजे काय होतं, ते मी समजावून सांगत बसत नाही.

तर त्या दिवसाच्या आठ दिवस आधी, ह्याच पारावर, मी गावाची बैठक घेतली होती. मॅडम पुण्यात होत्या. "माहितीपत्रक तू लिही, तुझी भाषा त्यांना कळेल. सगळं सांग. काही लपवू नकोस," एवढं फोनवर म्हणाल्या होत्या. मी पानभर लिहिलं, कराडात छापून आणलं. बैठक मस्त झाली. मी डिटेक्टर चालू करून त्याच्यासमोर गाडीच्या किल्ल्या खुळखुळवल्या, तर डब्यातून पाऊस पडल्यासारखा आवाज आला. किल्ल्यांतून असला आवाज निघतो, फक्त आपल्या कानाला लागत नाही.

"आयला," अण्णा म्हणाले, "आमच्या मंडळीचा आवाज ह्यात बंद हुतो का बग."

सगळा पार हसला. अण्णाच सगळ्यात जास्त.

मग मागून एकानं विचारलं, "कोरोना ह्या वाघळांनीच आनला म्हनं?"

हसणं थांबलं. मी सांगितलं ते खरंच सांगितलं. की ह्या कपारीतल्या वाघळांकडून गावात कुणाला काही झाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, तुमचे आजे-पणजे त्यांची लेंडी हातानं भरत आले. की आम्ही फक्त मोजणार, आवाज घेणार, चार-दोन पकडून तोंडात कापूस फिरवून नमुना घेऊन सोडून देणार. पण लोकांचा चेहरा सैल होईना.

"आन उद्या काय झालंच तर जिम्मेदारी कुनाची?" अण्णांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत लहू उठला. देवळात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात बेल होता, दुसऱ्यात भंडारा. आमच्याकडं बेल-भंडारा उचलला की विषय संपतो. कोर्टात खोटं बोलणारी माणसं आहेत, पण बेल-भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस कुसवड्यात कुणी पाहिला नव्हता.

"ह्या मानसांपासनं नाहीतर वाघळांपासनं गावाला धोका हाय," लहू म्हणाला, "असं मला म्हाईत आसंल आन मी ते लपवलं आसंल, तर आजपासनं भैरोबानं माझ्या हातची पूजा घिऊ ने."

पायरीवर त्याचे वडील बसले होते. तात्या. सत्तरीचे, पांढरं धोतर, तोंडात एक दात. त्यांनी लेकाकडं बघून मान हलवली. झालं. गाव आमच्या बाजूचं झालं.

आता परत त्या दुपारी.

मॅडम पुढं झाल्या. बाई भित्री नव्हती. पंचवीस वर्षं गुहांतून सरपटलेली बाई. पण तिला माणसांशी बोलता यायचं नाही.

"हे बघा, तुमचा गैरसमज होतोय," त्या म्हणाल्या. "हे सूट आम्ही आमच्या संरक्षणासाठी घातलेले नाहीत. वटवाघळांना आपल्यापासून रोग लागू नये म्हणून घातलेत. कोरोना आता माणसांत आहे. आपल्या श्वासातून तो त्यांच्यात गेला तर अख्खी वसाहत धोक्यात येईल. सध्या त्यांची पिल्लं अंगावर आहेत."

हसणं सुरू झालं. आठ दिवसांपूर्वीचं हसणं नव्हे.

"म्हंजी रोगी आमी?"

"वाघळं सोवळी आन आमी ववळी!"

"बाई, मग आमच्याशी बोलताना का घातला न्हाई? आमच्या शेरडांचा विचार करा की जरा!"

"मी आपल्या सगळ्यांबद्दल बोलतेय. माझ्याबद्दलही," मॅडम म्हणाल्या. कुणी ऐकत नव्हतं.

अण्णांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. मानलं. वाघळांसाठी घातलं. मग आदी का न्हाई सांगितलं? बैठकीत डबा वाजवला, किल्ल्या वाजवल्या. ही कापडं कुटं हुती तवा?"

"सांगितलंय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सॅकमधून फाईल काढली. "आम्ही न सांगता काम करत नाही. हे माहितीपत्रक. तिसरा परिच्छेद वाचा. खाली तुमच्या गावच्या माणसाची सही आहे."

अण्णांनी कागद घेतला. चष्मा नव्हता, लांब धरून, शब्द शब्द जोडत मोठ्यानं वाचला. "काम करताना... पथकातील सर्वजण... पूर्ण पांढरा पोशाख व मास्क घालतील. हे पाहून... घाबरू नये. हे माणसांचा रोग... वटवाघळांना लागू नये... यासाठी आहे."

माझीच भाषा. चांगली लिहिली होती.

"खाली ल. तु. गुरव," अण्णा म्हणाले. "तारीक एकुनीस. बैठकीच्याच दिवसाची."

सगळी गर्दी लहूकडं वळली. तो दांडे खांद्यावर घेऊन तसाच उभा होता.

"मी हे वाचल्यालं न्हाई," तो म्हणाला.

"सही तुझी का?"

"सही माझी हाय. पन मी वाचल्यालं न्हाई."

मॅडम माझ्याकडं वळल्या. त्यांचा आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. "शेटे, तू त्याला वाचून दाखवलं होतंस ना?"

लहूनं माझ्याकडं बघितलं. निवांतच बघितलं. त्याला खात्री होती मी काय बोलणार ते.

"हो," मी म्हणालो. "वाचून दाखवलं होतं. गावाला तू तुझ्या भाषेत सांग, असं म्हणालो होतो."

दांडे खाली पडले.

"हर्ष्या?"

मी फाटलेली पिशवी गोळा करायला खाली वाकलो.

"आरं खोटं बोलतोय ह्यो! गाडीच्या शिटवर कागद ठिवून सही घेतली माझी! फॉरम्यालिटी हाय म्हनला, कर लवकर, झेरॉक्सवाला बंद हुईल म्हनला! मी कशाला वाचतोय? दोस्ताचा कागद कोन वाचतं?"

"आयटीआय झालायस," गर्दीतलं कोणीतरी म्हणालं. "वाचाय येत न्हाई व्हय?"

"बेल उचललास की रं, लहू. म्हाईत असून लपवलं आसंल तर, आसं म्हनला हुतास."

"मला म्हाईत नव्हतं!"

"कागद म्हनतोय म्हाईत हुतं."

नव्हतं माहीत त्याला. आज लिहितोय, नीट लिहितो. बैठकीत मी पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला. तेवढ्यात अण्णांनी मंडळींचा विनोद केला, पार हसला, आणि मला वाटलं, इतकं छान चाललंय. आता पांढऱ्या कपड्यांचं काढलं तर हे परत अंगावर येतील. कपार डोंगरात, कोण बघायला येतंय. कागद घडी करून खिशात टाकला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, "सही घेतलीस?" तेव्हा लहूकडून घेतली. अगदी तो म्हणाला तशी, शिटवर. सकाळी कपारीच्या तोंडाशी आम्ही सूट चढवायला लागलो तेव्हा तो म्हणाला होता, "हे काय रं? हे गावात बोलला न्हाईस तू." मी मास्क लावला होता, मास्कमधूनच म्हणालो, "खाली गेल्यावर बोलू." लाकडाला आलेल्या दोन बायका तेव्हाच वरच्या वाटेनं गेल्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि मोळ्या टाकून पळाल्या.

म्हणजे तिसरा परिच्छेद मी घाबरून वाचला नाही, हे एक. ते मी कदाचित कबूल केलं असतं. मॅडमनी नुसतं रागावून विचारलं असतं तर केलं असतं. पण त्यांनी 'ना' लावून विचारलं. दाखवलं होतंस ना. त्या 'ना'पलीकडं माझी लॅबमधली जागा होती.

तात्या पायरीवरनं उठले. सगळ्यांनी वाट दिली. मला वाटलं मारतात पोराला. त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी लहूच्या कमरेच्या करदोट्याला अडकवलेली गाभाऱ्याची किल्ली ओढून काढली. करदोटा तुटला. किल्ली घेऊन ते परत गेले, पायरीवर बसले आणि पोराकडं पाठ केली.

"तात्या," लहू म्हणाला. "तात्या, भैरोबाच्यान..."

"त्येचं नाव घिऊ नगंस," तात्या म्हणाले.

मग गर्दीला काम पाहिजे होतं. अशा गर्दीला लागतंच. "कपारच मोकळी करा," कुणीतरी ओरडलं, आणि दहा मिनिटांत पेंढ्याचे भारे, ओला पाला, वाळल्या मिरच्यांचं एक पोतं निघालं. मॅडम वाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"तुम्हाला असं करता येणार नाही."

"कोनच्या कायद्यानं?" अण्णांनी विचारलं.

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला माहीत होतं का मिटलं ते. त्या वेळच्या कायद्यात फळं खाणारी वाघळं उंदीर-घुशींच्या यादीत होती. उपद्रवी. मारली तर गुन्हा नाही. पंचवीस वर्षं अभ्यास केलेल्या बाईला त्यांच्या बाजूनं बोलायला एक ओळ नव्हती.

"पिल्लं आहेत हो त्यांना," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज साधा निघाला.

"आमास्नीबी हायत," एक बाई म्हणाली, आणि लोक त्यांना वळसा घालून वर गेले.

आम्हीही मागं गेलो. थांबवायला नाही, काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून. कपारीच्या तोंडाशी पेंढा पेटला, वर ओला पाला पडला, मग मिरच्या. धूर आत ओढला गेला, खालून फुंकणीनं घातल्यासारखा. माझ्या गळ्यात डिटेक्टर होता. चालूच राहिला होता. आधी नेहमीच्या सुट्या टिचक्या येत होत्या. मग त्या एकमेकांत मिसळल्या, आणि डब्यातून नुसता तळणीचा आवाज यायला लागला. मी बटण शोधत होतो, सापडेना.

आणि वाघळं बाहेर पडली. भर दुपारी. असं कधी कुणी बघितलं नव्हतं. काळ्या धुरातून तपकिरी धूर निघावा तशी. उन्हात आंधळ्यासारखी एकमेकांवर आपटत. कावळे तर जणू वाट बघत होते. घारी आल्या. मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं असतं, दातांनी धरून, तिला तेवढं वजन घेऊन उडता येतं. पण कावळा मागं लागला की नाही येत. आमच्या समोर पिल्लं पडत होती. पाल्यावर, दगडावर. पडल्याचा आवाजही येत नव्हता, इतकी हलकी.

गावातली पोरं आधी ओरडत होती. मग ती एकेक करून आयांच्या मागं गेली.

लहू कधी वर आला मला कळलं नाही. त्यानं टॉवेल पाण्यात बुडवून तोंडाला बांधला होता. सरळ गेला आणि पेटता पेंढा काठीनं बाहेर ओढायला लागला. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. अर्धा जाळ बाहेर काढून तो आत शिरला.

"त्याला बाहेर काढा," मॅडम ओरडल्या. "शेटे!"

मी दोन पावलं गेलो. मिरचीचा धूर नाकात गेला. परत फिरलो.

तो बाहेर आला तेव्हा डोळे मिटलेले होते, पाणी वाहत होतं, आणि त्याच्या बनियनला पिल्लं चिकटली होती. सात. मी मोजली, सवय असते. आई समजून धरलं होतं त्यांनी कापडाला. एक गळ्यापाशी होतं.

मॅडम धावल्या. "हातानं धरू नकोस. थांब, ग्लोव्ह्ज घाल, मी देते."

लहू डोळे न उघडताच म्हणाला, "तुमचे मोजे तुमी घाला, बाई. माझा रोग ह्यास्नी लागायचा तो लागू द्या. न्हाईतरी कशानं वाचनार हायत?"

अख्ख्या गावात, अख्ख्या डोंगरावर, तिसरा परिच्छेद फक्त त्याला कळला होता. न वाचता. आणि तो सोडून प्रत्येकाला वाटत होतं की त्यानं तो लपवला.

"ह्याला आता गावात शिरू देऊ नगा," मागून आवाज आला. "वाघळं अंगाला लावल्यात त्येनं."

आम्ही जीपमधून परत निघालो. मॅडमच्या मांडीवर कापडी पिशवीत पिल्लं होती. ड्रॉपरनं दूध पाजायचा प्रयत्न चालला होता. घाट उतरल्यावर त्या पिशवीकडंच बघत म्हणाल्या, "शेटे, तू त्याला खरंच वाचून दाखवलं होतंस?"

"हो, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. परत विचारलं नाही. मला आजही वाटतं, त्यांना कळलं होतं. त्यांनाही ती सही हवी होती.

पुण्याला पोचेपर्यंत पाच मेली. दोन आणखी चार दिवस जगली.

मला जागा मिळाली. दीड वर्षानं त्या कामाचा शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव चौथं. "स्थानिकांच्या उपद्रवामुळे वसाहत नष्ट झाली," असं एक वाक्य त्यात आहे. ते मी लिहिलेलं आहे. उपद्रव हा शब्दही मीच निवडला.

लहूला मी फोन केला नाही. त्यानंही केला नाही. इकडून तिकडून कळायचं. तीन आठवड्यांनी यात्रा झाली तर पालखी त्यांच्या दारात थांबली नाही, त्याची आई ताट घेऊन उभी राहिली होती. गावानं उघड काही ठरवलं नाही, आता कायदा आहे त्यामुळं कुणी 'वाळीत' म्हणत नाही. फक्त त्याला कामाला बोलवायचं बंद केलं. शेवटी तो कराडला आला. एवढ्याशा गावात मी सुट्टीला गेलो की रस्ते बदलून फिरायचो.

गेल्या रविवारी नाही बदलता आला. आयटीआयसमोरच्या चहाच्या गाड्यावर तो होता. जाड झालाय. केस कपाळावरून मागं गेलेत. मी वळणार तेवढ्यात म्हणाला, "ये की. मारत न्हाई."

मी बसलो. चहा आला. मी विचारलं ते काय, तर, "कपारीत परत आली का?"

"बारक्या पाकोळ्या हायत, किडं खानारी वाघळं. ती जिभंवाली न्हाई आली." त्यानं फुर्रकन घोट घेतला. "तू साळंतनं भाषणं देतोस म्हनं वाघळांवर. यूट्यूबला बघितलं. किल्ल्या वाजवतोस आजून."

"लहू, मी..."

"सॉरी म्हनू नगंस. ते ठेव तुझ्यापाशी." ग्लास खाली ठेवला. "मला गावाचं काय वाटत न्हाई. गाव इसरलं. अण्णा परवा रस्त्यात भेटला, लग्नाला ये म्हनला. पन तात्या हाय. पाच वर्सं माझ्या हातचं पानी घेत न्हाई. पूजेला अंकुश जातो." अंकुश म्हणजे त्याचा जुळा भाऊ. "दिवाळीला गेलो तर मी म्होरं सोप्यात आन ते मागं परड्यात. आता चालाय येत न्हाई त्यास्नी. अंकुश उचलून भाईर बसवतो. मी उचलाय गेलो तर अंग आखडून घेतलं. म्हातारं मानूस, काटकी झाल्यालं, आन अंग आखडून घेतंय. माझ्यापासनं."

मी चहाकडं बघत होतो.

"त्यांना वाटतं मी देवासमोर खोटं बोललो. मरस्तोवर वाटनार. मी पन्नासदा सांगितलं. लेकानं सांगून काय हुतं? कागदावर सही हाय म्हंत्यात."

"मी फोन करू त्यांना?"

तो हसला. पाच वर्षांपूर्वी त्या दुपारी पारावर लोक हसले होते तसा. "फोन. व्हाट्सॅप पाठीव की. चौथं नाव आसल्यालं."

म्हणजे निबंध त्यानं वाचला होता. इंग्रजीतला. ते वाक्यही वाचलं असणार.

मी उरलेला चहा संपवला. मग मी म्हणालो, "पुढच्या सोमवारी येतो."

"कुटं?"

"कुसवड्याला. सकाळच्या एस्टीनं. त्यांच्यासमोर सांगतो. अण्णांसमोरही. बैठकीत काय वाचलं, काय खिशात घातलं, सही कशी घेतली, सगळं."

"नोकरी जाईल."

"मॅडमना आधी सांगूनच येतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. विश्वास ठेवला असं नाही. तेवढा मूर्ख तो आता राहिलेला नाही.

"मी स्टँडवर न्यायला येनार न्हाई," तो म्हणाला.

"नको येऊस. तू फक्त तात्यांना सांगून ठेव, सोमवारी सकाळी मी येतोय म्हणून."

"मी सांगितल्यालं ते ऐकत न्हाईत, हर्ष्या. तेच तर सांगतोय मगापासनं."

"मग नको सांगूस," मी म्हणालो. "मी दारात बसतो. ते माझ्याकडं बघेपर्यंत उठत नाही."